बाय जी ग्वान: वूयी पर्वतातला फिकट पानाचा ऊलाँग चहा घेताना, करताना आणि पिताना

चीनच्या फुजियान प्रांताच्या वायव्य भागात वूयी पर्वत आहे. तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे, त्यांच्या मधल्या अरुंद घळी आणि खडकातून सतत झिरपणारे पाणी अशी तिथली रचना. 1999 मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. या घळींत पिकणाऱ्या ऊलाँग चहाला, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकाराला, यानचा म्हणतात, म्हणजे खडकाचा चहा. यानचाचे वाण पुष्कळ आहेत, पण परंपरेने चार झुडपांना मोठा मान आहे: दा होंग पाओ, त्ये लुओ हान, श्वे जिन ग्वे आणि बाय जी ग्वान. पहिल्याचे नाव जगभर पोचले आहे. बाय जी ग्वान मात्र थोडाच पिकतो, आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला चांगलाच बुचकळ्यात टाकतो.

त्याचे कारण असे की यानचा म्हटले की गडद रंगाचा, खरपूस भाजलेला, घशाखाली उतरताना आपली जाणीव करून देणारा चहा लोक गृहीत धरतात. बाय जी ग्वानचे पान फिकट, भाजणी हलकी, रंग पिवळसर आणि चव मऊ, गोडसर. दा होंग पाओच्या अपेक्षेने तो प्यायला तर पांचट वाटतो. मग माणूस पान वाढवतो, वेळ वाढवतो, आणि चहा कडवट करून बसतो. दूध घालून उकळलेल्या कडक चहावर वाढलेल्या आपल्या जिभेला तर हा मोह हमखास होतो. या चहात जोर शोधू नये. पोत, गोडवा आणि मागे रेंगाळणारा स्वाद शोधावा. पुढचे सगळे मोजमाप त्यासाठीच आहे.

पान फिकट का असते

नावाचा अर्थ पांढऱ्या कोंबड्याचा तुरा. वसंतात फुटणारी पालवी पिवळट, कधी जवळजवळ पांढुरकी दिसते, कारण कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी असते. पान जून होत जाते तसे ते हिरवे होते, त्यामुळे एकाच झुडपावर खाली गडद पाने आणि वर पिवळे शेंडे दिसतात. हा फिकटपणा उन्हावरही अवलंबून असतो: भरपूर उजेडात पालवी जास्त पिवळी, सावलीत हिरवट. म्हणून ‘जितके पिवळे तितके उत्तम’ हा विक्रेत्यांचा आवडता निकष फसवा आहे. खोल घळीतल्या, दिवसाचे थोडेच तास ऊन मिळणाऱ्या मळ्यातले पान थोडे हिरवट असू शकते आणि तरीही चवीला सरस असते.

हरितद्रव्य कमी म्हणजे झुडपाची अन्न तयार करण्याची ताकद कमी. वाढ सावकाश, उतारा थोडा. शेतकऱ्याला रोउग्वे किंवा श्वेश्येन हे वाण लावले तर त्याच जमिनीत जास्त पान मिळते, म्हणून वूयीतली बहुतेक जमीन त्या दोघांनी व्यापली आहे. बाय जी ग्वान दुर्मीळ राहण्यामागे हा साधा शेतीचा हिशेब आहे. बी लावून वाणाचे गुण टिकत नाहीत, म्हणून लागवड छाट कलमांनी होते. मूळ झुडूप कुठले याबद्दल दोन दावे आहेत, एक ह्वेय्वान खोऱ्यातल्या कड्याखालचा आणि दुसरा वूयीतल्या एका जुन्या ताओ मठामागचा. विकत घेणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही. आज मिळणारा सगळा चहा कलमांपासून वाढवलेल्या झुडपांचा असतो.

चहा बनतो कसा: चवीपुरते

खुडणी वसंतात, साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. हिरव्या चहासारखी कळी खुडत नाहीत. शेंड्याची कळी उमलून पान झाले की तीन-चार पानांची डहाळी घेतात, कारण ऊलाँगचा सुगंध थोड्या पक्व पानातून येतो. पान आधी उन्हात आणि मग सावलीत मलूल करतात. नंतर रात्रभर, ठरावीक अंतराने, ते बांबूच्या सुपात किंवा फिरत्या पिंपात हलवतात आणि मधल्या वेळात पसरून ठेवतात. हलवताना पानाच्या कडा एकमेकींवर घासून चुरगळतात, तिथे हवा लागून त्या तांबूस होतात. मधला भाग तसाच राहतो. कडा तांबडी आणि पोट फिकट ही खूण पुढे चोथ्यात पाहायची आहे, ती लक्षात ठेवा.

मग तापलेल्या कढईत किंवा पिंपात पान परतून ही क्रिया थांबवतात, पिळे देऊन लांबट वळतात, सुकवतात, देठ आणि पिवळी जाड पाने निवडून काढतात आणि शेवटी कोळशावर भाजतात. भाजणीचे कोळसे आधी पूर्ण पेटवून, लाल झाल्यावर राखेने झाकतात. त्यावर बांबूच्या टोपलीत चहा काही तास मंद आचेवर ठेवतात. गरज वाटली तर काही आठवड्यांनी पुन्हा. बाय जी ग्वानला बहुधा हलकी ते मध्यम भाजणीच देतात, कारण जास्त आचेने त्याचा नाजूक सुगंध जातो आणि हातात फक्त भाजल्याची चव उरते. पण भाजणी फार कमी झाली तर पानात हिरवटपणा राहतो आणि ते लवकर बिघडते. चांगल्या कारागिराची परीक्षा या मधल्या जागेत होते.

विकत घेताना

पाकिटावर वाणाचे नाव असणे पुरेसे नाही. चार गोष्टी विचारा: कोणत्या वर्षीच्या वसंतातला माल, मळा कुठला, भाजणी हलकी की मध्यम, आणि शेवटची भाजणी कोणत्या महिन्यात झाली. चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी. नुकत्याच भाजलेल्या चहात आचेचा कोरडा वास असतो आणि घसा सुकतो. तो निवायला दोन-तीन महिने लागतात. मेमध्ये खुडलेला चहा त्यामुळे शरद ऋतूत, कधी त्याहूनही उशिरा प्यायजोगा होतो. जूनमध्येच ‘यंदाचा ताजा’ म्हणून मिळणारा यानचा घाईत विकलेला असतो.

मळ्याबद्दल तीन शब्द कानावर पडतील. वारसा क्षेत्रातल्या खडकाळ घळींतला माल तो जंगयान, त्याच्या कडेचा तो बानयान, आणि नदीकाठच्या सपाट जमिनीतला तो जोउचा. जंगयान क्षेत्रात न्यूलानखंग, ह्वेय्वानखंग अशा घळींची नावे फार महाग विकली जातात. नवख्याने तिकडे जाऊ नये. प्रामाणिकपणे बानयान म्हणून विकलेला, नीट भाजलेला चहा शिकण्यासाठी जास्त कामाचा. यानचाच्या चिनी राष्ट्रीय मानकात मालाचे पाच गट आहेत: दा होंग पाओ, खास नामांकित झुडपे, रोउग्वे, श्वेश्येन आणि इतर स्थानिक वाण. बाय जी ग्वान यातल्या दुसऱ्या गटात बसतो. पाकिटावर नुसते ‘दा होंग पाओ’ असेल तर तो बहुतेक वेळा अनेक वाणांचे मिश्रण असतो. त्यात काही गैर नाही, पण बाय जी ग्वानची ओळख त्यातून होणार नाही.

‘मूळ मातृवृक्षाचा चहा’ असा दावा कोणी केला तर तिथेच थांबा. दा होंग पाओच्या ज्या सहा प्राचीन झुडपांभोवती ही सगळी कीर्ती उभी आहे त्यांची खुडणी 2006 पासून बंद आहे, आणि शेवटच्या हंगामातला 20 ग्रॅम चहा चीनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे.

सुरुवातीला 8 ग्रॅमच्या तीन-चार सुट्या पुड्या घ्या. यानचा अशाच छोट्या पुड्यांत विकण्याची तिकडे पद्धत आहे. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून घेतल्या तर उत्तम. कोरडे पान लांबट, पीळदार, तपकिरी आणि त्यात पिवळसर-हिरवट झाक असलेले असावे. काळेकुट्ट पान म्हणजे भाजणी जास्त. वासात ठळक फुलांचा किंवा दुधाचा सुगंध उसळून आला तर वरून लावलेल्या अर्काची शंका घ्या. हा चहा करताना त्याच पानावर पुन्हा पुन्हा पाणी ओततात; असा वास पहिल्या पाण्यात दरवळतो आणि तिसऱ्याला पूर्ण नाहीसा होतो. पानाचा स्वतःचा सुगंध हळूहळू उतरतो, एकदम गायब होत नाही.

भांडी आणि पाणी

लागते ते थोडेच. 100 ते 110 मिलिलिटरचे गायवान, म्हणजे झाकण आणि बशी असलेली पातळ चिनी मातीची वाटी. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा. चहा ओतून ठेवायला एक काचेचे चोचीचे भांडे, आणि 30 ते 50 मिलिलिटरचे दोन-तीन पांढरे पेले. पेला आतून पांढराच हवा, नाहीतर रंग कळत नाही. चीनमधल्या यिशिंगच्या सच्छिद्र मातीची सुंदर किटली आधीच घरात असली तरी या चहासाठी ती बाजूला ठेवा. ती सुगंध थोडा शोषून घेते, आणि बाय जी ग्वानकडे घालवायला फारसा सुगंध नसतो. गाळणी वापरायची तर नवी आणि वेगळी. रोजच्या दुधाच्या चहाच्या गाळणीला आले-वेलचीचा वास कायमचा बसलेला असतो.

गायवानचे खरे माप एकदा घरीच करा. काट्यावर ठेवून झाकण जिथे टेकते तिथपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. 110 म्हणून विकलेल्या वाटीत झाकणाखाली बरेचदा 90 च मावते, आणि मग सगळे प्रमाण चुकते.

पाण्याकडे पानाइतकेच लक्ष द्या. विंधन विहिरीचे जड पाणी या चहाला मारून टाकते: रंग गढूळ-तपकिरी, वर पातळ तवंग आणि चव बोथट. उलट सगळे क्षार काढून टाकलेले पाणीही चालत नाही, चहा पोकळ आणि किंचित आंबूस लागतो. विरघळलेले क्षार लिटरला 40 ते 100 मिलिग्रॅमच्या आसपास असलेले पाणी चांगले. घरच्या शुद्धीकरण यंत्राला क्षार कमी-जास्त करायचा खटका असेल तर तो वापरा, नसेल तर बाटलीवरचे आकडे वाचून कमी क्षारांचे पाणी आणा. मुंबईचे तलावांमधून येणारे नळाचे पाणी तुलनेने मऊ असते. त्यातला क्लोरीनचा वास तेवढा जायला हवा, त्यासाठी पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. माठातले पाणी नको, त्याचा मातकट वास चहात उतरतो.

तापमान 95 ते 98 अंश. मुंबई-कोकणात पाणी खळखळून उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा. पुण्यात ते साधारण 98 अंशांनाच उकळते, महाबळेश्वरला त्याहूनही दोन-अडीच अंश आधी. तिथे न थांबता ओता. 90 च्या खाली गेलात तर गोडवा येतो पण पोत आणि घशात टिकणारा स्वाद येत नाही.

प्रत्यक्ष कृती

प्रमाण 100 मिलिलिटरला 5 ग्रॅम. वूयीतले लोक याच मापाच्या वाटीत 8 ग्रॅमची पूर्ण पुडी घालतात, पण मग प्रत्येक सेकंद मोलाचा होतो. हात बसेपर्यंत 5 वर राहा. चमच्याने मोजू नका, लांब पिळाचे पान चमच्यात कधी दोन ग्रॅम बसते तर कधी एक. पुडीच्या तळाचा चुरा घेऊ नका. चुऱ्यातून कडवटपणा पानाच्या कितीतरी आधी उतरतो.

गायवान उकळत्या पाण्याने भरा, अर्ध्या मिनिटाने ओतून पूर्ण निथळू द्या. गरम, रिकाम्या वाटीत पान घाला, झाकण लावा, दोन-तीन हलके झोल द्या आणि झाकण किंचित उघडून वास घ्या. कोरड्या पानाचा वास सर्वांत स्पष्ट इथे मिळतो. भाजलेल्या धान्याची ऊब आणि मागून थोडा गोड, ताजा वास आला तर पान ठीक आहे. ओलसर पुठ्ठ्यासारखा किंवा आंबूस वास आला तर तो पुढे वाढतच जाईल.

पहिले पाणी धुण्यासाठी टाकून देण्याची प्रथा आहे. मध्यम भाजणीच्या किंवा थोड्या चुऱ्याच्या मालाला ते ठीक: पाणी ओता आणि तीन सेकंदांत काढून टाका. हलक्या भाजणीच्या बाय जी ग्वानला मात्र धुऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्या गोडव्याचा चांगला वाटा सुरुवातीलाच उतरतो.

पाणी ओतताना किटलीची चोच वाटीच्या जवळ ठेवा आणि बारीक धार काठालगत गोल फिरवा. उंचावरून पानाच्या डोक्यावर धार सोडली की पान घुसळले जाते आणि तुरटपणा आधी येतो. गडद भाजलेल्या चहाला ते चालते, याला नाही. पाणी पसरट काठाच्या अर्धा सेंटिमीटर खाली थांबवा. वर फेस आला तर झाकणाच्या कडेने बाजूला सारा.

आता वाटी धरणे. नवख्यांची बोटे इथे भाजतात आणि मग ते घाबरून चहा वाटीतच राहू देतात, म्हणून हे आधी थंड पाण्याने दहा वेळा करून पाहावे. झाकण थोडे तिरके करा, पुढच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून. अंगठा आणि मधले बोट वाटीच्या बाहेर वळलेल्या काठाच्या दोन टोकांवर, समोरासमोर. तर्जनी झाकणाच्या बोंडावर, फक्त ते सरकू नये इतक्या दाबाने. बोटे पोटाला टेकू देऊ नका, उष्णता तिथे असते. काठ बाहेर वळलेला असल्यामुळे तुलनेने गार राहतो. फट अंगठा आणि मधले बोट यांच्या बरोबर मध्ये असावी, म्हणजे वाफ बोटांवर येत नाही. मनगट एकाच झोकात उभे करा. अर्धवट तिरकी वाटी धरून थेंब थेंब ओतले की वाफ बोटांवर येते आणि वेळही वाढतो. तरी चटका बसत असेल तर वाटी जास्त भरली आहे किंवा तिची कड फार जाड आहे.

वेळ मोजायचा तो पाणी पानाला लागल्यापासून शेवटचा थेंब पडेपर्यंत. ओतायलाच सहा-सात सेकंद जातात हे विसरले की दहाचे सतरा होतात. 5 ग्रॅमसाठी पहिले पाणी 15 सेकंद. दुसरे 10, कारण पान आता उमललेले असते. तिसरे 15, चौथे 20, पाचवे 30, सहावे 45, सातवे सव्वा मिनिट. आठवे अडीच मिनिटे ठेवून पाहावे. 8 ग्रॅम घातले तर पहिली तीन पाणी जेमतेम 5 ते 8 सेकंदांची, म्हणजे ओतले की काढायचेच.

प्रत्येक वेळी वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करा. तळाशी राहिलेला चमचाभर चहा पुढच्या पाण्यात कडवटपणा घेऊन येतो. दोन पाण्यांच्या मध्ये झाकण अर्धे उघडे ठेवा, बंद झाकणाखाली ओले पान वाफेने शिजते आणि कोंदट चव येते.

पिताना काय शोधायचे

नुकतेच तिखट खाल्ले असेल, घरात फोडणी दिली असेल किंवा उदबत्ती लावली असेल तर तासभर थांबा. उपाशीपोटीही नको. दाट ऊलाँगने कधी कधी हात थरथरतात, डोके हलके होते. असे झाले तर काही गोड खाऊन थोडे बसावे.

चहा पेल्यात ओतल्यावर मिनिटभर निवू द्या आणि आधी गायवानच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. झाकण गरम असताना भाजणीचा वास पुढे असतो, थोडे निवले की पानाचा. बाय जी ग्वानची ओळखीची खूण कोवळ्या मक्याच्या कणसाची. दाण्यांचा गोडवा आणि कणसाच्या केसांचा ताजा वास, दोन्ही. सोबत कधी हलका फुलांचा, कधी पिकल्या फळाचा सूर असतो. रंग फिकट पिवळ्यापासून जर्द पिवळ्यापर्यंत, स्वच्छ आणि पारदर्शक. तांबूस-तपकिरी असेल तर भाजणी जास्त झाली आहे, निदान या वाणासाठी.

फुरका मारून प्या. तोंडात हवेबरोबर चहा पसरला की सुगंध मागून नाकात जातो, आणि यानचाचा अर्धा आस्वाद तिथे आहे. पहिला घोट चवीसाठी, दुसरा पोतासाठी: चहा जिभेवरून पाण्यासारखा निसटतो की थोडा दाट, गुळगुळीत वाटतो? चांगला बाय जी ग्वान रंगाला फिका असूनही पोताला भरीव असतो. हे विरोधाभासी वाटते, पण रंगाचा आणि दाटपणाचा संबंध आपण समजतो तितका नसतो.

गिळल्यावर वीस-तीस सेकंद काहीच करू नका. किंचित तुरटपणा आला तर तो विरतो का पाहा. विरून जिभेच्या कडांना लाळ सुटली आणि घशाकडून गोडवा वर आला, तर तो चिनी जाणकार ज्याला ह्वेगान म्हणतात तो परतून येणारा गोडवा. तुरटपणा चिकटून राहिला तर पान कमअस्सल किंवा वेळ जास्त. यानचाबद्दल ‘यानयुन’ हा शब्द फार वापरला जातो. त्यात दगडाची चव शोधू नका. घोट गेल्यावर घशात खोलवर काही भरीव, गारसर टिकून राहते, ते यानयुन. रोउग्वेत ते पहिल्याच पेल्यात कळते. बाय जी ग्वानमध्ये ते क्षीण असते आणि बहुधा तिसऱ्या ते पाचव्या पाण्यात, भाजणीचा पडदा बाजूला झाल्यावर येते. म्हणून दोन पाण्यांत या चहाचा निकाल लावू नये.

पेला रिकामा झाल्यावर ठेवून देऊ नका. तो गार झाला की तळाचा वास घ्या. तिथे टिकून राहिलेला गोड वास हा पानाच्या दर्जाचा भरवशाचा पुरावा आहे. सहाव्या-सातव्या पाण्यापर्यंत सुगंध गेला आणि फक्त गोडसर पाणी उरले, तर ते योग्य आहे. जुन्या श्वेश्येनसारखी लांब दौड याच्याकडून मागू नये.

चोथा वाचणे

शेवटी सगळा चोथा थंड पाण्याच्या पांढऱ्या बशीत पसरा आणि दहा-बारा पाने बोटांनी सपाट करा. पान मऊ, लवचीक, पूर्ण उलगडणारे हवे. पोट पिवळट, कडेला आणि मध्ये कुठे कुठे तांबूस डाग. इतर यानचाचा चोथा शेजारी ठेवला तर बाय जी ग्वानचा फिकेपणा एका नजरेत कळतो. सगळी पाने गडद हिरवी किंवा तपकिरी असतील तर पाकिटावरचे नाव संशयास्पद. पण पिवळ्या पालवीचे चहाचे इतर वाणही आहेत, तेव्हा पिवळेपणा हा एकटा पुरावा नाही. मक्याचा वास, पोत आणि चोथा तिन्ही जुळायला हवेत. पाने काळी, ताठ आणि गरम पाण्यातही मिटलेली राहिली तर भाजताना ती कोळपली आहेत. काही पाने फिकट आणि काही गडद, आकारही वेगळे, तर मिश्रण.

बिघडले तर

कडवट लागला: वेळ किंवा चुरा जास्त. आधी वेळ निम्मा करा, तापमान नंतर. पांचट लागला: बहुधा वाटीचे माप चुकले आहे, नाहीतर पाणी निवले आहे. पान वाढवण्याआधी दोन्ही तपासा. घसा कोरडा पडतो, जळकट वास येतो: भाजणी ताजी. पुडी बंद ठेवून दोन महिन्यांनी पुन्हा करा. कच्चा, हिरवट आणि पोटात टोचणारा चहा: भाजणी अपुरी किंवा पान दमट झाले आहे. आंबट: ओले पान झाकणाखाली फार वेळ राहिले, नाहीतर मालच सदोष.

दोष तुमच्या हाताचा की मालाचा हे ठरवायला चिनी परीक्षकांची पद्धत घरी करता येते: 110 मिलिलिटरला 5 ग्रॅम, उकळते पाणी, पहिले पाणी 2 मिनिटांनी ओतून काढायचे, दुसरे 3, तिसरे 5. चहा दाट होईल, पिऊन सुख मिळणार नाही, पण लपलेले दोष सगळे बाहेर येतील. एवढ्या वेळानंतरही कडवटपणाच्या मागे गोडवा उभा असेल तर माल चांगला आहे आणि चूक कृतीत होती.

साठवण

हलक्या भाजणीचा चहा दमट हवेत चिवड्यासारखा सादळतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात उघडी पुडी आठवडाभरात हिरवट-आंबूस होऊ शकते. म्हणून माल सुट्या सीलबंद पुड्यांतच घ्या, एका वेळी एकच फोडा आणि ती त्याच दिवशी संपवा. पुड्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मसाल्यांच्या कपाटापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा. शीतकपाटात नको: बाहेर काढताच थंड पानावर बाष्प धरते. किंचित सादळलेले पान पातळ थरात ओव्हनमध्ये 80 ते 90 अंशांवर वीस मिनिटे ठेवून, पूर्ण गार करून पुन्हा डब्यात भरता येते. तव्यावर करू नका, एका बाजूने करपते. बुरशीचा वास आला तर फेकून द्या. हलकी भाजणी असल्यामुळे दीड-दोन वर्षांत संपवलेला बरा.

शेजारी ठेवून पाहणे

तीन-चार वेळा बाय जी ग्वान एकटा करून झाला की त्याच विक्रेत्याचा रोउग्वे आणा आणि दोन सारख्या वाट्यांत प्रत्येकी 5 ग्रॅम, एकाच पाण्याने, एकाच वेळी करा. दालचिनीची आठवण करून देणारा रोउग्वेचा तिखटसर सुगंध लगेच पुढे येईल. बाय जी ग्वानचा पोत आणि गोडवा तुलनेत जास्त स्पष्ट कळेल. दोन्हींचे दुसरे आणि पाचवे पाणी वेगळे ठेवून गार झाल्यावरही चाखा, कारण गार चहात तुरटपणा आणि आंबटपणा लपत नाही. पिताना बाय जी ग्वान आधी घ्या आणि मधे कोमट पाण्याचा एक घोट. उलट क्रमाने प्यायल्यास रोउग्वेचा तिखटपणा जिभेवर राहतो आणि दुसरा पेला कोराच लागतो.